जुन्या घरांची निगा – लेखांक ७ : दुहेरी तावदान आणि वाड्याची खिडकी

मागील लेखांकात माळवदाच्या गळतीचा विचार झाला; आता खिडकीकडे वळावयाचे. विलायतेतील जुन्या घरांच्या वरखाली सरकणाऱ्या खिडक्यांना दोन काचांच्या मध्ये कोरडी हवा कोंडलेले दुहेरी तावदान बसविण्याचा प्रघात पडला आहे, आणि तिकडे स्थायिक झालेल्या आप्तांकडून त्याची तारीफ ऐकून, तुळजापुरात देवळाच्या वाटेवर ज्यांचे जुने वाडे आहेत त्यांच्या मनात तोच बेत घोळू लागला तर नवल नाही; कारण आश्विनातील नवरात्रात आणि पुढे कोजागरीला येथल्या अरुंद गल्ल्यांतून जो जनसमुदाय लोटतो, त्याच्या उदोकाराला, संबळाला आणि हल्ली त्यांत भर घालणाऱ्या कर्ण्यांना दिवस-रात्रीचा भेद ठाऊक नसतो. उदोकाराने झोपमोड झाली अशी फिर्याद अस्सल तुळजापूरकर करणार नाही; कर्ण्याविषयी मात्र खुशाल करील.

विलायती खिडकीत चौकटीच्या दोन्ही अंगांस पोकळ पेट्या असतात आणि त्यांत कप्पीवरून दोरीने सोडलेली लोखंडी वजने तावदानाचा भार तोलून धरतात. काच दर चौरस मीटरला, जाडीच्या एकेका मिलिमीटरमागे, अडीच किलो भरते. म्हणजे ३ मिलिमीटरची एक काच काढून ४ मिलिमीटरच्या दोन घातल्या की साडेसात किलोंचे वीस किलो होतात आणि लोखंडाच्या जागी शिशाची वजने ओतून घ्यावी लागतात. शिवाय १७४६ पासून १८४५ पर्यंत त्या मुलखात काचेवर वजनाच्या हिशेबाने सरकारी कर होता, त्यामुळे काच पातळ ठेवण्याकडे कल असे आणि तिला धरणाऱ्या लाकडी पट्ट्याही नाजूक असत. त्या पट्ट्यांच्या खाचेत हे जाडजूड प्रकरण सुखासुखी मावत नाही.

आपल्या वाड्याच्या खिडकीची जातकुळी निराळी. दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंतीत, बाहेरच्या अंगाला सागवानी चौकट, तीत लोखंडी गज, त्यांच्यामागे आत उघडणाऱ्या दोन झडपा, आणि काचेचे बहुधा नावही नाही. या झडपा कोरून त्यांत दुहेरी तावदान घालावयाचे म्हणजे जुन्या सांध्यांवर आणि बिजागऱ्यांवर नसता भार टाकणे होय. चौकटच उपटून नवी बसवावी, हा सल्ला तर त्याहून घातक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने या जिल्ह्यातील उमरगा-लोहारा भागात दगडमातीच्या भिंतींची आणि त्यांवरील जड माळवदांची जी गत केली, ती पाहिलेल्या माणसाने अशा भिंतीत पहारीचे घाव घालू देऊ नयेत.

माझ्या मते अशा घरी दुसरा पडदा झडपेत नव्हे, भिंतीच्या जाडीत शोधावा. कारखान्यातून बंद होऊन येणाऱ्या दुहेरी तावदानात दोन काचांमधील अंतर बहुधा १२ ते १६ मिलिमीटर असते. उष्णतेचे वहन रोखण्यास ते पुरते, पण आवाज अडविण्यास १०० मिलिमीटर वा त्याहून अधिक अंतर हवे. ते आपल्या भिंतीने आयतेच देऊन ठेवले आहे. झडपेला वळावयास जागा उरेल इतके अंतर सोडून, भिंतीच्या आतल्या अंगाला हलकी सागवानी चौकट स्क्रूने बसवावी, तीत ६ मिलिमीटरची एकेरी काच घालावी, तीही उघडती ठेवावी, आणि चौकटीच्या कडेने रबराची पट्टी फिरवावी. या पट्टीत कसूर करू नये. बोटभर फट राहिली तरी संबळ तेवढ्यातून आत येतो. रात्री बाहेरची झडप लावली की लाकूड आणि काच असे दोन भिन्न घनतेचे पडदे मिळतात, आणि एकात सहज घुमणारा स्वर दुसऱ्यात तितका घुमत नाही.

उन्हाळ्याचा हिशेब वेगळा. एकेरी काचेच्या तुलनेने दुहेरी तावदानातून उष्णतेचे वहन साधारण निम्म्यावर येते हे खरे. परंतु साध्या काचा दोन असल्या तरी वैशाखातील थेट ऊन त्यांतून बव्हंशी आत येतेच, आणि एकदा आत आलेली ऊब सहजासहजी बाहेर पडत नाही. सबब, दुपारी बाहेरची झडप लावून घ्यावयाची आणि सांजवारा सुटला की दोन्ही उघडावयाच्या, ही घरातील वडीलधाऱ्या बायकांची वहिवाट काच आल्यावरही मोडू नये.

इतके करूनही कोणास तयार दुहेरी तावदानच हवे असेल, तर मापे घेताना खिडकीचे दोन्ही कर्ण मोजावेत. जुनी चौकट क्वचितच काटकोनात असते आणि बंद झालेले तावदान नंतर कापता येत नाही. त्याच्या कडेच्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात. कडेचा बंद सुटला की दोन काचांच्या मध्ये बाष्प धरते, ते कोणत्याही फडक्याने पुसता येत नाही, आणि अखेर सबंध तावदानच बदलावे लागते.

स्वयंपाकघराच्या व नंदादीप तेवत असलेल्या देवघराच्या खिडकीला ही बंदिस्ती करू नये. तेथे धुराला वाट हवी. माजघराला आणि रस्त्याकडील झोपण्याच्या खोलीला ती केली म्हणजे पुरे, आणि त्या खोलीलाही मागील चौकाकडे एखादा झरोका असावा.