पाऊस नावाचे नाणे

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात बोट्स्वाना नावाचा देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही आणि त्याचा बराचसा प्रदेश कलाहारीच्या वाळवंटाने व्यापलेला आहे. तेथे पावसाचे मोल इतके, की देशाच्या नाण्यालाच 'पुला', म्हणजे पाऊस, असे नाव दिलेले आहे.

३० सप्टेंबर १९६६ रोजी हा देश इंग्रजांच्या अमलातून मुक्त झाला. त्या वेळी जगातील अत्यंत दरिद्री देशांत त्याची गणना होत असे. गुरे हेच तेथील लोकांचे धन. तेही दुष्काळाने हिरावून नेले होते. पक्के रस्ते सगळे मिळून सुमारे १२ किलोमीटर! आणि पुढच्याच वर्षी ओरापा येथे जमिनीच्या पोटात हिरे सापडले.

अशा वेळी घरात कलह माजावयास उशीर लागत नाही. त्याच खंडातील काँगो देशात १९६० साली तांब्याच्या खाणींनी समृद्ध असा कटांगा प्रांत फुटून निघाला आणि रक्तपात झाला. ओरापाची भूमी बामांग्वाटो जमातीची होती आणि देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे त्याच जमातीच्या राजघराण्यातील. हिरे आमचे, असे त्यांना म्हणता आले असते. परंतु १९६७ च्या कायद्याने जमातींच्या भूमीतील खनिजांवरचा हक्क साऱ्या राष्ट्राकडे आला.

खाण खणण्यास यंत्रे हवीत, कुशल माणसे हवीत, आणि पदरी पैसा तर नाही. तेव्हा डी बीअर्स या परकीय कंपनीशी करार झाला. परमुलखात पैसा घालणारा मनुष्य केवळ नफा पाहत नाही. राज्यकर्ते बदलले तरी दिलेला शब्द टिकेल काय, न्यायालय परक्याचेही म्हणणे ऐकेल काय, हेही तो पाहतो. कारण खाण काही पाठीवर टाकून नेता येत नाही. प्रारंभी सरकारचा वाटा अल्प होता. पुढे वाटाघाटी करून तो निम्मा करण्यात आला. खाणी बळाने हिसकावून घेतल्या नाहीत.

आता प्रश्न आलेल्या पैशाचा. तोपर्यंत देशात दक्षिण आफ्रिकेचे रँड हे चलन चालत असे. १९७५ साली बोट्स्वानाने स्वतःची मध्यवर्ती बँक स्थापिली आणि १९७६ साली पुला चलनात आणला. हिरे विकून मिळालेल्या परकीय चलनाचा काही भाग ही बँक राखून ठेवू लागली. अशा शिलकीला आपण गंगाजळी म्हणतो. बाहेरून धान्य, तेल, औषधे आणावयाची तर परकीय चलन लागते. हिऱ्यांचा बाजार बसला, की ही गंगाजळीच उपयोगी पडते. १९८१ साली बाजार खरोखरच बसला, परंतु देश तगला.

सर्वच गोड झाले असे मात्र नाही. अनेक तरुणांना काम नाही आणि संपत्तीची वाटणी फार विषम आहे. प्रयोगशाळेत बनविलेले स्वस्त हिरे आल्यामुळे अलीकडे खाणीतील हिऱ्यांची मागणी घटली आणि गंगाजळीही आटू लागली. २०२४ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला पक्ष पराभूत झाला. मावळत्या राष्ट्राध्यक्षांनी पराभव मान्य केला आणि डुमा बोको यांनी अधिकारपद स्वीकारले. कोठेही गोळी झाडली गेली नाही.