सौंदर्योपचार, शस्त्रक्रियाविरहित

त्वचा न कापता व टाके न घालता रूपात इष्ट बदल घडवून आणण्यासाठी वैद्यकीय साधनांनी केलेल्या उपचारांस शस्त्रक्रियाविरहित सौंदर्योपचार म्हणतात. नको असलेले केस व गोंदण काढणे, लाल वा काळे डाग फिकट करणे, मुरुमांचे खड्डे व सुरकुत्या कमी करणे, ठराविक जागेची चरबी घटविणे आणि चेहऱ्याचे गेलेले भरलेपण परत आणणे हे यांतील प्रमुख उपचार होत. लेप, उटणी इ. प्रसाधनांचा विचार येथे केलेला नाही. ‘शस्त्रक्रियाविरहित’ या विशेषणावरून हे उपचार निरुपद्रवी असल्याचा समज होतो. तो बरोबर नाही. यांतील पुष्कळ उपचारांत सजीव ऊतकाला (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाला) मोजून इजा केली जाते आणि ती इजा भरून येताना होणाऱ्या बदलाचा उपयोग करून घेतला जातो. इजा नेमकी कोठे, किती खोल आणि किती वेळ करावयाची यावरील ताबा वाढत जाणे, हाच या क्षेत्रातील तांत्रिक प्रगतीचा गाभा आहे.

हा ताबा नसताना काय होई, याची उदाहरणे जुनी आहेत. व्हिएन्ना येथील शस्त्रक्रियाविशारद रोबेर्ट गेरझूनी यांनी १८९९ मध्ये वितळविलेले पॅराफीन शरीरात टोचून पोकळी भरण्याची पद्धत सुरू केली. चेहऱ्यावरील सुरकुत्या व बसके नाक यांसाठी ती लवकरच लोकप्रिय झाली. परंतु पॅराफीन जागचे सरकून व त्याभोवती कठीण गाठी होऊन अनेकांचे चेहरे कायमचे विद्रूप झाले. तीव्र अम्लाने त्वचा सोलणे किंवा फिरत्या ब्रशाने ती घासणे या पद्धतींत रोगी व निरोगी भागांत फरक करण्याची सोय नव्हती. सर्व काही करणाऱ्याच्या हातावर व नजरेवर अवलंबून असे.

लेसर व निवडक तापन : थीओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाचा (रूबीचा) पहिला लेसर कार्यान्वित केला. पुढील तीन वर्षांतच अमेरिकेतील सिनसिनॅटी येथील त्वचारोगतज्ञ लीऑन गोल्डमन यांनी तो मानवी त्वचेवर वापरून पाहिला. त्वचेतील गडद भाग हा प्रकाश अधिक शोषतात व आजूबाजूचे फिकट भाग त्यामानाने वाचतात, हे त्यांच्या लक्षात आले. १९६४ मध्ये कार्बन डाय-ऑक्साइड लेसर तयार झाला. त्याचे जनक चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म बारामतीचा असून अभियांत्रिकीची पदवी त्यांनी पुण्याच्या शासकीय महाविद्यालयातून घेतली होती. या लेसराचा १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश पाण्यात चटकन शोषला जातो. त्वचेत पाणी सर्वत्र असल्याने त्याने तिचा पातळ थर वाफ करून उडविता येतो.

लेसर हाती आला तरी निवड साधली नव्हती. चेहऱ्यावर जन्मतः असणारे गडद लाल डाग पुढील दशकात आर्‌गॉन लेसराने काढू लागले. डाग फिकट होई, पण उष्णता आजूबाजूला पसरल्याने पुष्कळदा व्रण राही. यामागील कारण १९८३ मध्ये आर्. रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश या बॉस्टन येथील शास्त्रज्ञांनी स्पष्ट केले. त्यांच्या मते तीन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात : लक्ष्य असलेले द्रव्य ज्या तरंगलांबीचा प्रकाश आजूबाजूच्या ऊतकापेक्षा अधिक शोषते ती निवडणे, लक्ष्यातील उष्णता बाहेर झिरपण्यापूर्वीच प्रकाशाचा स्पंद संपविणे, आणि लक्ष्याचा नाश होईल इतकी ऊर्जा त्या अवधीत देणे.

यांपैकी दुसरा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरला. तापलेली वस्तू जितकी बारीक तितकी ती लवकर निवते. व्यास दुप्पट झाल्यास निवण्याचा काळ सु. चौपट होतो. कृष्णरंजकाचा (मेलॅनिनाचा) सूक्ष्म कण १ मायक्रोसेकंदाच्या आत निवतो, ०.१ मिमी. व्यासाच्या रक्तवाहिनीस सु. ५ मिलिसेकंद लागतात आणि केसाच्या मुळाभोवतालच्या केशपुटकास काही दशक मिलिसेकंद. त्यामुळे एकाच तरंगलांबीचा प्रकाश स्पंदाच्या लांबीनुसार निरनिराळ्या लक्ष्यांवर काम करू शकतो. या विचारातून रक्तारुणासाठी (हीमोग्लोबिनासाठी) ५७७ व नंतर ५८५ नॅनोमीटर तरंगलांबीचे स्पंदित रंजकद्रव्य-लेसर तयार झाले व लहान मुलांच्या चेहऱ्यावरील लाल डागांवर व्रण न ठेवता उपचार करता येऊ लागले. हा उपचार केवळ हौसेचा मानता येणार नाही.

काळी-सावळी त्वचा : निवडक तापनाच्या तत्त्वाला एक अडचण मुळातच आहे. केस व काळे डाग यांवरील उपचारांत लक्ष्य असते ते कृष्णरंजक आणि हेच द्रव्य त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात, अपित्वचेत, नैसर्गिकपणे असते. गोऱ्या त्वचेत ते थोडे असल्याने प्रकाश सहज खाली जातो. सावळ्या त्वचेत तो वाटेतच शोषला जाऊन अपित्वचा भाजते; फोड येतात, काळे डाग पडतात किंवा रंग कायमचा जातो. सूर्यप्रकाशास मिळणाऱ्या प्रतिसादावरून टॉमस फिट्सपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार सांगितले, तेव्हा ते चारच होते व गोऱ्या त्वचेपुरते होते. पाचवा व सहावा हे गडद त्वचेचे प्रकार नंतर जोडण्यात आले. भारतीयांची त्वचा बहुधा चौथ्या व पाचव्या प्रकारांत मोडते. सुरुवातीची उपकरणे व त्यांची कोष्टके मुख्यतः गोऱ्या रुग्णांवरील अनुभवावर आधारलेली होती, ही गोष्ट येथील वापरात दुर्लक्षून चालत नाही.

केस काढण्यासाठी माणकाचा ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर १९९६ च्या सुमारास यशस्वी ठरला, तरी सावळ्या त्वचेवर तो धोक्याचाच होता. पुढे अलेक्झांड्राइट (७५५), अर्धसंवाहक डायोड (सु. ८००) व निओडिमियम-याग (१,०६४ नॅनोमीटर) हे लेसर आले. तरंगलांबी जसजशी वाढते तसतसे कृष्णरंजकाकडून होणारे शोषण कमी होते व प्रकाश अधिक खोल जातो. निओडिमियम-याग लेसराचा परिणाम केसावर त्यामानाने सौम्य होतो, पण अपित्वचा वाचते. म्हणून गडद त्वचेसाठी तो सर्वांत सुरक्षित समजतात. स्पंद लांबविणे आणि त्वचा त्याच क्षणी थंड करणे हे याच्या जोडीचे दोन उपाय होत. थंडाव्यासाठी नीलमण्याची थंड काच त्वचेवर टेकवितात, शीतक द्रव्याचा क्षणभर फवारा मारतात किंवा थंड हवेचा झोत सोडतात. सौंदर्योपचाराच्या जाहिरातींत लेसराच्या ‘शक्ती’चे वर्णन असते, सावळ्या रुग्णाचे हित मात्र या थंडाव्यावर अधिक अवलंबून असते.

एका बैठकीत सर्व केस जात नाहीत. वाढीच्या अवस्थेतील केसांवरच परिणाम चांगला होतो व कोणत्याही वेळी त्यांचा काही भागच त्या अवस्थेत असतो. त्यामुळे चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात. पांढऱ्या केसांत कृष्णरंजक नसल्याने त्यांवर लेसर चालत नाही. स्त्रियांच्या हनुवटीवर राठ केस येण्यामागे अंडाशयाचा किंवा प्रवर्तकांचा (हॉर्मोनांचा) विकार असल्यास तो प्रथम तपासावा लागतो, अन्यथा केस पुन्हा येत राहतात. चेहऱ्यावर मऊ लव असलेल्या काही सावळ्या स्त्रियांत लेसरानंतर केस उलट वाढल्याचेही आढळले आहे.

वांग हा आणखी नाजूक विषय आहे. गालांवर व कपाळावर येणाऱ्या या तपकिरी डागांवर ऊन, गरोदरपण व प्रवर्तके यांचा परिणाम होतो. उष्णतेने त्वचेचा दाह झाल्यास कृष्णरंजक अधिकच तयार होत असल्याने लेसराने वांग तात्पुरता फिकट होऊन पुढे पूर्वीपेक्षा गडद होऊ शकतो. उन्हापासून संरक्षण व लावावयाची औषधे हाच त्यावरील पहिला उपचार होय. संपूर्ण चेहऱ्याचा रंग ‘उजळण्या’साठी लेसर वापरण्यास शास्त्रीय समर्थन नाही.

गोंदण : गोंदणाचे कण त्वचेत खोल पण अत्यंत बारीक असल्याने त्यांसाठी नॅनोसेकंदाचे (सेकंदाच्या अब्जांशाचे) स्पंद लागतात. तडाख्याने कण फुटतात व भक्षिकोशिका ते हळूहळू वाहून नेतात. सु. २०१२ पासून याहूनही लहान, पिकोसेकंदातील स्पंदांचे लेसर बाजारात आहेत. महाराष्ट्रात कपाळ, हनुवटी व हात यांवर सुईने काजळी भरून गोंदण्याची जुनी प्रथा आहे. काजळी हा कार्बन असल्याने ती सर्व तरंगलांब्यांचा प्रकाश शोषते. म्हणून असे गोंदण १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसराने, सावळ्या त्वचेवरही, बरेच फिकट करता येते. हल्लीच्या यंत्रांनी केलेल्या रंगीत गोंदणाचे तसे नाही. हिरवा, निळा व पिवळा या रंगांसाठी वेगवेगळे लेसर लागतात आणि ओठांवर वा भुवयांवर गोंदलेले फिकट रंग लेसरामुळे अचानक काळे पडू शकतात, कारण त्यांतील लोह व टिटॅनियम यांच्या ऑक्साइडांत रासायनिक बदल होतो.

अंशतः तापन व विद्युत् साधने : कार्बन डाय-ऑक्साइड लेसराने संपूर्ण चेहऱ्याचा थर उडविल्यास जखम भरण्यास आठवडे लागत व सावळ्या त्वचेवर डाग उरत. २००४ मध्ये डीटर मान्स्टाइन, अँडरसन व त्यांचे सहकारी यांनी यावर एक सोपी युक्ती मांडली. त्वचेवर सलग किरण न सोडता केसासारख्या बारीक स्तंभांच्या रूपाने इजा करावयाची व मधली त्वचा अबाधित ठेवावयाची. अबाधित भागातील कोशिका प्रत्येक सूक्ष्म जखम लवकर भरून काढतात व अंतस्त्वचेत नवे कोलॅजेन तयार होते. मुरुमांच्या खड्ड्यांवर हा उपचार उपयुक्त ठरला आहे. गडद त्वचेत स्तंभांची दाटी कमी ठेवतात.

रेडिओ-कंप्रतेच्या विद्युत् प्रवाहाने ऊतक तापविण्याच्या पद्धतीस कृष्णरंजकाचा अडसर होत नाही, कारण हा प्रवाह रंग ओळखत नाही. बारीक सुया अंतस्त्वचेत उतरवून त्यांच्या टोकांशी असा प्रवाह सोडल्यास वरचा थर बराचसा वाचतो. खड्डे भरण्यासाठी भारतीय त्वचेवर या साधनाचा वापर वाढला आहे व तो योग्य दिशेने आहे. श्राव्यातीत (मानवी कानास ऐकू न येणाऱ्या) ध्वनितरंगांचे केंद्रीकरण करून त्वचेखालील थर आक्रसविणाऱ्या पद्धतीचा परिणाम मात्र मर्यादित असतो.

शीतनाने चरबी घटविणे : चरबीच्या कोशिका त्वचेपेक्षा थंडीला कमी टिकाव धरतात. बर्फाची कांडी चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालांतील चरबीचा दाह होतो, असे निरीक्षण १९७० मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यावरून सुचलेल्या नियंत्रित शीतनाच्या पद्धतीचे प्राण्यांवरील प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारानंतर दोन-तीन महिन्यांत त्या जागेच्या चरबीचा थर सु. पाचव्या हिश्श्याने कमी होतो. स्थूलतेवरील हा उपचार नव्हे. क्वचित प्रसंगी तेथील चरबी कमी न होता वाढून घट्ट होते व ती काढण्यास शस्त्रक्रियाच करावी लागते. अशी पहिली नोंद २०१४ मधील आहे.

टोचून द्यावयाची द्रव्ये : बोट्युलिनम विष हे ज्ञात विषांत अत्यंत जहाल आहे. ते तंत्रिकेच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन बाहेर पडू देत नाही व त्यामुळे स्नायू शिथिल होतो. तिरळेपणा व पापण्यांचे आकुंचन यांवरील औषध म्हणून अमेरिकेत त्यास १९८९ मध्ये मान्यता मिळाली. व्हँकूव्हर येथील नेत्रतज्ञ जीन कॅरदर्स यांच्या एका रुग्णाच्या कपाळावरील आठ्या या उपचाराने गेल्या. त्यावरून त्यांनी व त्यांचे पती त्वचारोगतज्ञ ॲलस्टेअर यांनी केलेले संशोधन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. परिणाम तीन-चार महिने टिकतो.

चेहरा भरण्यासाठी पूर्वी गाईचे कोलॅजेन वापरीत. त्याची अधिहर्षता (ॲलर्जी) होई. त्याची जागा हायल्युरॉनिक अम्लाने घेतली. हे द्रव्य १९३४ मध्ये कार्ल मायर व जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातून वेगळे केले होते. आता ते सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने तयार करतात व त्याचे रेणू एकमेकांस जोडून ते अधिक काळ टिकेल असे करतात. याचा खरा लाभ असा की, चूक झाल्यास हायल्युरोनिडेज हे एंझाइम टोचून ते विरघळविता येते. पॅराफिनाच्या बाबतीत अशी सोय नव्हती. मात्र द्रव्य रोहिणीत गेल्यास त्वचा मरते व डोळ्याच्या रोहिणीपर्यंत पोहोचल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. त्यामुळे टोचण्यापूर्वी श्राव्यातीत तरंगांनी रोहिण्यांची जागा पाहण्याची पद्धत रूढ होऊ लागली आहे.

संगणक व नियंत्रण : त्वचेतील कृष्णरंजक मोजून त्यानुसार ऊर्जा सुचविणारी उपकरणे आणि छायाचित्रांवरून डाग ओळखणाऱ्या संगणक-प्रणाली आता उपलब्ध आहेत. पहिल्या प्रकाराचा सावळ्या रुग्णांस लाभ होण्यासारखा आहे. दुसऱ्यात जुनीच अडचण पुन्हा दिसते : पुष्कळ प्रणाली मुख्यतः गोऱ्या त्वचेच्या छायाचित्रांवरून तयार केलेल्या असल्याने गडद त्वचेवर त्यांचे निदान अधिक चुकते. डागाचे निदान न करता त्यावर लेसर वापरल्यास त्वचेच्या कर्करोगाची सुरुवात झाकली जाऊन मोलाचा वेळ जातो.

उपकरणे वापरण्यास सोपी झाल्याने ती वैद्यकीय शिक्षण नसलेल्यांच्या हाती व सौंदर्यगृहांतही गेली आहेत. भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये करण्यात आले व १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. त्यांचा रोख उपकरणांची निर्मिती, आयात व विक्री यांवर आहे. इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालील व्यक्तींना सौंदर्यासाठी बोट्युलिनम विष वा भरण द्रव्ये टोचण्यास ऑक्टोबर २०२१ पासून बंदी आहे आणि असे उपचार करणाऱ्यांसाठी परवाना-पद्धती आणण्याचा अधिकार तेथील शासनास २०२२ च्या कायद्याने मिळाला आहे.