धुऱ्यावरील तितर

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेल्या बाळापूरच्या आसपास दाट अरण्य असे नाही. काळी सपाट जमीन, मधून मधून बाभळींनी भरलेले नाले आणि शेताशेतांमधील धुरे, एवढेच काय ते येथील रान. या तुटपुंज्या रानावर ज्याचा सारा संसार चालतो, असा पक्षी म्हणजे करडा तितर होय. पहाटेच्या वेळी त्याचा चढत जाणारा खणखणीत स्वर ज्याने ऐकला नाही असा शेतकरी या भागात विरळा. तथापि त्याची राहणी बारकाईने पाहणारे थोडेच.

युरोप व उत्तर अमेरिकेतील थंड अरण्यांत ग्राउझ नावाचे पक्षी राहतात. मोर, रानकोंबडा व लावा ज्या कुळातले त्याच कुळातले ते होत. आपल्याकडे ते नाहीत. त्यांचे येथील भाऊबंद म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या गवताळ झुडपी रानातला रंगीत तितर आणि उघड्या शेतवाडीतला हा करडा तितर. शास्त्रज्ञांनी १७८९ साली यास पाँडिचेरीवरून नाव दिले. आपले नाव त्याहून फार जुने. शिष्यांनी तित्तिर पक्षी होऊन यजुर्मंत्र वेचले, ही तैत्तिरीय शाखेची कथा प्रसिद्धच आहे.

नर व मादी दिसण्यात सारखीच. नराच्या पायास मात्र अणकुचीदार आरी असते. ही आरी व अंगचा भांडखोरपणा यांमुळेच पूर्वी शौकीन लोक झुंजीसाठी तितर पिंजऱ्यात पाळीत. उडण्यापेक्षा धावण्यावर याचा भरवसा अधिक. उडालाच तर पंख फडफडवीत थोडे अंतर जाऊन पुन्हा झुडपात शिरतो. रात्री मात्र तो जमिनीवर न राहता बहुधा बाभळी-बोरीसारख्या काटेरी झाडावर बसतो.

गवताचे बी, सांडलेले धान्य, कोवळे कोंब, बोरे, नाकतोडे व विशेषतः वाळवी हे त्याचे खाणे. पेरलेले दाणेही तो थोडेफार उकरतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वाळवीच्या हिशेबात ती मजुरी फार महाग पडत नाही, असे आमचे मत आहे.

खरी अडचण विणीची आहे. चैत्र-वैशाखापासून भाद्रपदापर्यंत त्याचा विणीचा मुख्य हंगाम. धुऱ्यावरील गवतात किंवा झुडपाखाली जमीन किंचित उकरून मादी चार ते आठ फिक्कट अंडी घालते व सुमारे तीन आठवडे ती उबविते. नेमक्या याच दिवसांत आपण धसकटांबरोबर धुराही पेटवून देतो! पुढे पावसाळ्यात तणनाशकाचा फवारा पिकाबाहेर धुऱ्यापर्यंत जातो. त्याने पिल्लू लगेच मरत नसेल; पण तणाबरोबर तणावरचे किडे जातात, आणि या कुळातील पिल्लांचे पहिले काही दिवस किड्यांवाचून निभत नाहीत. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात डिक पॉट्स यांनी १९६८ पासून तेथील तितराची वर्षानुवर्षे पाहणी केली, तेव्हा पिल्लांच्या उपासमारीचे हेच कारण पुढे आले. शेताच्या कडेचा थोडा पट्टा फवारणीवाचून सोडल्यावर अधिक पिल्ले जगली, असेही तेथे दिसून आले. तो पक्षी वेगळा व हवाही वेगळी, हे खरे. परंतु तेथे जो पट्टा मुद्दाम राखावा लागला तो आपल्याकडे धुऱ्याच्या रूपाने आधीच आहे. अर्थात शेजाऱ्याने दरसाल वखराच्या एकेका तासाने तो कोरून नेला नसेल तर. धुऱ्यापायी कोर्टाची पायरी चढणारे आपण, त्यावर काय वाढते व काय जगते याची चौकशी क्वचितच करतो.

करावयाचे ते फारसे खर्चाचे नाही. पऱ्हाट्या व धसकटे शेताच्या मध्यभागी गोळा करावी. धुरा पेटवू नये. तेथील झुडपे तोडणे भागच असेल, तर ते काम कार्तिक ते माघ या महिन्यांत उरकावे आणि गवत दसऱ्यानंतर कापावे. तणनाशक वापरणाऱ्यांनी धुऱ्यालगतच्या दोन-तीन ओळी डवऱ्याने व निंदणाने स्वच्छ ठेवाव्या. औषध चोळलेले बियाणे मातीवर उघडे पडू देऊ नये. फासे लावणे, अंडी उचलणे व पिंजऱ्यात तितर ठेवणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हे आहेत, हे सालदारासही सांगून ठेवावे.

आपल्या शिवारात तितरांच्या किती जोड्या आहेत हे पाहावयाचे असल्यास फाल्गुनाच्या अखेरीस उजाडण्यापूर्वी बांधावर उभे राहावे आणि कोणत्या धुऱ्यावरून साद येते व कोठून तिला उत्तर मिळते, ते तीन-चार दिवस ओळीने टिपून ठेवावे. पुढील साली त्याच दिवसांत पुन्हा टिपावे.