विद्युत्‌मत्स्याचा लहान मेंदू

आफ्रिकेतील नायजर व काँगो या नद्यांच्या प्रदेशात, गढूळ पाण्यात, सोंडेसारखी हनुवटी पुढे आलेला एक लहानसा मासा आढळतो. शास्त्रज्ञ त्यास नॅथोनीमस पीटर्सी म्हणतात. तो रात्री संचार करतो. शेपटीच्या बुडाशी असलेल्या अवयवातून तो क्षणोक्षणी क्षीण विद्युत्‌स्पंद सोडतो आणि जवळच्या वस्तूंमुळे त्यात पडणारा फरक त्वचेने जाणतो. माशांच्या या शक्तीकडे केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ हान्स लिसमन यांनी १९५१ साली जगाचे लक्ष वेधले.

या माशाचा मेंदू त्याच्या वजनाच्या सुमारे ३ टक्के असतो. परंतु १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे ६० टक्के प्राणवायू तो एकटाच घेतो. मनुष्याच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे २० टक्के आहे. त्यातही लहान मेंदूचा एक भाग इतका वाढलेला असतो की उरलेला मेंदू त्याखाली झाकला जातो.

लहान मेंदूची मूळ रचना मासा व मनुष्य यांत सारखीच आहे. असंख्य सूक्ष्म कणपेशींपासून समांतर तंतू निघतात आणि तारायंत्राच्या तारा वृक्षाच्या फांद्यांतून जाव्यात, तसे ते पुर्किन्ये पेशींच्या शाखांमधून जातात. त्वचेकडून येणारे विद्युत्‌संदेश मेंदूच्या ज्या भागात प्रथम पोहोचतात, त्याची घडणही अशीच आहे.

येथे एक अडचण उद्भवते. भक्ष्याच्या शरीराभोवतीची वीज अत्यंत मंद असते. माशाच्या स्वतःच्या स्पंदाने ती झाकली जाऊ नये, याची व्यवस्था काय?

अमेरिकेतील शास्त्रज्ञ कर्टिस बेल यांनी १९८१ साली याचा उलगडा केला. औषधाने माशाचा विद्युत् अवयव निष्क्रिय केला, तरी मेंदूतून स्पंदाची आज्ञा सुटतच राहते. प्रत्येक आज्ञेबरोबर त्यांनी त्वचेस कृत्रिम विद्युत्‌संवेदना दिली. काही मिनिटांनी ती थांबविली, तेव्हा केवळ आज्ञा होताच पेशींनी पूर्वीच्या नेमका उलट प्रतिसाद दिला! आज्ञेची प्रत समांतर तंतूंतून या पेशींपर्यंत येते आणि तंतू व पेशी यांच्या सांध्यांचे बळ अनुभवाप्रमाणे कमीअधिक होते. त्यामुळे अपेक्षित संवेदनेची जणू उलटी प्रतिमा तयार होते व ती प्रत्यक्ष संवेदनेतून वजा होते. शेष राहते ते केवळ नवे व बाहेरचे.

ही वजाबाकी जन्मतः कायमची ठरलेली असती, तर मासा वाढताच किंवा पाण्यातील क्षारांचे प्रमाण बदलताच ती चुकली असती. म्हणून ती सतत शिकावी लागते.

आपणच आपणांस गुदगुल्या केल्या, तर हसू येत नाही. त्यामागेही लहान मेंदूचे असेच पूर्वानुमान असावे, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. बाहेरचे जग ओळखावयाचे, तर आपले स्वतःचे त्यातून वगळता आले पाहिजे, हेच या माशाच्या अभ्यासावरून दिसून येते.