बेल्ट, चेन की गिअर: दिघीतल्या गॅरेजमधला एक बुधवार

सकाळी साडेसात. शटर वर केलं तेव्हा आळंदी रस्त्यावर मॅगझिन चौकाच्या बाजूला ट्रकांची रांग लागलेली होती. आज बुधवार. भोसरी एमआयडीसीत जे काही करून घ्यायचं ते आजच, उद्या गुरुवारची सुट्टी.

स्टँडवर एस्टीमचं इंजिन आहे. 1298 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, एकच कॅम, सुझुकीच्या जी13 घराण्यातलं. ऑटोक्रॉसच्या गाडीत बसायचंय. कॅम नवा, जास्त लिफ्टचा; स्प्रिंगा कडक. कॉम्प्रेशन वाढवायला हेडचं 0.6 मिलिमीटर आणि ब्लॉकचं 0.4 मिलिमीटर फेसिंग करून आणलंय. आता क्रँकवरून कॅम फिरवायचा कशाने, हे आज ठरवायचंय.

साडेआठ. गाडीचा मालक चाकणला ड्युटीवर जाताजाता थांबला. मोशीचा पोरगा, हौस दांडगी.

"दादा, बेल्ट नको. सात हजारावर तुटला तर व्हॉल्व्ह वाकतील. भोसरीत गिअर कापून मिळतात, आपण गिअरच लावू ना."

त्याची भीती खोटी नाही. सात हजारावर कॅम निम्म्याने, म्हणजे साडेतीन हजार आरपीएमने फिरतो आणि कडक स्प्रिंगांमुळे प्रत्येक उघडझापीला उलटसुलट झटके खातो. ते सगळे बेल्टच्या दातांवर येतात. पण हेच 1.3 इंजिन एलजीबी फॉर्म्युला 4 च्या शर्यतींत वर्षानुवर्षं पळालंय. त्या शर्यतींना नाव कोइम्बतूरच्या एल. जी. बालकृष्णन कंपनीचं, म्हणजे रोलॉन चेनवाल्यांचं. इंजिनातला कॅम मात्र बेल्टवर. हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तरी काकांना एकदा विचारा." मलाही विचारायचंच होतं.

दहा. भोसरी. गिअर कापणाऱ्या काकांनी चहा सांगितला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "सेंटर किती?"

क्रँकपासून कॅमपर्यंत साधारण 300 मिलिमीटर धरले. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला सुमारे 23 मायक्रॉन वाढतं. गार इंजिन आणि तापलेलं इंजिन यांत 70 अंशांचा फरक धरा. काकांनी कॅल्क्युलेटरवर आकडे मारले: 0.48. जवळजवळ अर्धा मिलिमीटर. असल्या गिअरला बॅकलॅश ठेवायचा तो 0.1 मिलिमीटरच्या आसपास. मधल्या आयडलरमध्ये ही वाढ वाटली जाईल, पण हेड आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथली जाडी गॅस्केटच्या दाबावर. पुढच्या वेळी हेड उतरलं, फेसिंग झालं, की सेंटर पुन्हा बदललं.

"गिअर मी शुक्रवारी देतो," काका म्हणाले, "पण सेंटर हलणार असेल तर बॅकलॅश मी कुठून धरू?"

गिअर वाईट असतात असं मुळीच नाही. 1967 साली झँडव्होर्टला जिम क्लार्कने जिंकलेल्या लोटसमधलं कॉसवर्थ डीएफव्ही गिअरवरच कॅम फिरवायचं. पण त्या इंजिनातही कंपनांच्या झटक्यांनी टायमिंग गिअर मोडायला लागले, तेव्हा किथ डकवर्थने गिअरच्या आत पीळ खाणाऱ्या बारीक दांड्या घालून झटका सोसणारा गिअर बनवला. गिअर जसाच्या तसा क्रँकचा हादरा कॅमकडे पोचवतो. रबराचा बेल्ट त्यातला बराच पिऊन टाकतो. डकवर्थकडे इंजिन कोऱ्या कागदावरून काढायची मुभा होती. आमच्याकडे बेल्टसाठीच ओतलेला ब्लॉक आहे.

गिअरचा विषय तिथेच संपवला. त्याच गल्लीत लेथवाल्या मामांकडे भंगारातून आणलेली दुसरी कॅम पुली दिली. दात असलेली कड तशीच ठेवायची, मधला भाग कापून नवा हब बसवायचा, बोल्टसाठी लांबट खाचा. पुली दोन्ही बाजूंना पाच-पाच अंश सरकली पाहिजे. "चारपर्यंत घेऊन जा," मामा म्हणाले.

बारा. आता मूळ पुलीवर कॅम नक्की कुठे उभा आहे ते मोजायचं. या कामाला मी फोन बंद ठेवतो. क्रँकवर अंशांची तबकडी, प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा बोल्ट. एका बाजूने फिरवलं, 34 वर अडलं. दुसऱ्या बाजूने 38. काटा दोन अंश सरकवून दोन्हीकडे 36 केलं, म्हणजे टीडीसी खरी. मग इनटेक व्हॉल्व्हवर डायल गेज. पूर्ण लिफ्टच्या 1.25 मिलिमीटर आधी 38 अंश, नंतर 182. बेरीज 220, निम्मे 110. कॅमच्या कागदावर 108 लिहिलंय.

दोन अंश उशीर. गेले कुठे? फेसिंगमध्ये. हेड-ब्लॉक मिळून एक मिलिमीटर गेला, बेल्टची ताणलेली बाजू तेवढी आखूड झाली आणि कॅम मागे राहिला. पुलीचा घेर 360 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एक मिलिमीटरला कॅमचा एक अंश, क्रँकचे दोन. बेल्ट एक दात पुढे टाकून हे सुटत नाही. चाळीस दातांच्या पुलीवर एक दात म्हणजे क्रँकचे 18 अंश. म्हणून सरकणारी पुली. लिफ्ट मोजताना क्रँक फक्त फिरण्याच्या दिशेनेच न्यायचा. मागे आणला की ढिली बाजू बदलते आणि आकडा फसवतो. कामावरच्या पोराला हे मी रोज सांगतो आणि सांगत राहीन.

दीड. डबा.

अडीच. मालकाचा मेसेज: "मग चेन?" चेन तेलात चालते. तिला बंद केसिंग, गाइड, तेलाची वाट लागते. या ब्लॉकला त्यातलं काही नाही. चेन म्हणजे कायमची, हाही समज पक्का बसलाय. रांजणगावला बनलेल्या 1.3 मल्टिजेटमध्ये चेन आहे, आणि तेल वेळेवर न बदललेल्या इंजिनात ती झिजून लांबते, खडखडते. फोक्सवॅगनने तर 1.2 टीएसआयच्या पहिल्या पिढीत चेन दिली आणि पुढच्या ईए211 मध्ये बेल्ट. हे सगळं टाइप करत बसलो नाही, संध्याकाळी ये म्हणून कळवलं.

साडेचार. मामांची पुली आली, हब अगदी गोल. पुली एक अंश पुढे सरकवून बोल्ट आवळले. पुन्हा मोजलं: 36 आणि 180. निम्मे 108.

पण कॅम पुढे आणला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या आणखी जवळ येतो. म्हणून हेड उतरवून पिस्टनवर मुलांची खेळायची माती लावली, जुनं गॅस्केट घालून हेड आवळलं, दोन फेरे हाताने फिरवले आणि परत उघडलं. ब्लेडने माती कापून व्हर्नियर लावला: इनटेकला 2.3 मिलिमीटर, एक्झॉस्टला 2.8. मी दोन आणि अडीचच्या खाली जात नाही. नवं गॅस्केट, नवा बेल्ट, नवा टेन्शनर. बेल्टला ताण ठरल्याइतकाच. जास्त ओढला तर टेन्शनरचं बेअरिंग आधी जातं. 108 पुन्हा एकदा तपासला.

साडेसात. मालक आला आणि आल्याआल्या म्हणाला, बेल्टचं कव्हर काढून टाकू, पुली दिसली पाहिजे. नाही म्हटलं. ऑटोक्रॉसच्या मैदानात एक खडा दातांत गेला तर दिवसभराचं मोजमाप वाया. कव्हर बसवलं, त्यावर पेंटने आजची तारीख घातली. हंगाम संपला की बेल्ट आणि टेन्शनर बदलायचे, चांगले दिसले तरी. "चालेल दादा," तो म्हणाला आणि नव्या बेल्टचे पैसे आगाऊ देऊन गेला.