जुना संगणक आणि दुभाष्याचा वेळ

नवीन जालन्यातील आमच्या निवासी शाळेच्या संगणक कक्षात जी यंत्रे आहेत, ती बहुतेक कोणाच्या तरी कार्यालयातून निवृत्त होऊन आलेली आहेत. ती आली म्हणूनच मुलांचे हात कळफलकाला लागले, हे आम्ही विसरत नाही. परंतु पालक सभेत एक प्रश्न वारंवार येतो: "सर, या जुन्या डब्यांवर शिकून आमची पोरं शहरातल्या पोरांच्या बरोबरीला येतील का?" आमचा विषय इतिहास, तरीही हा प्रश्न टाळणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. म्हणून मुलांच्या शेजारी बसून आम्हीही थोडे शिकलो.

मुले पायथन या भाषेत प्रोग्राम लिहितात. यंत्राच्या प्रोसेसरला त्या भाषेतील एक अक्षरही कळत नाही. दरबारात परकीय वकील बोलू लागला की मध्ये दुभाष्या उभा राहत असे. तेच काम येथे ‘इंटरप्रिटर’ करतो. सी सारख्या भाषेतील मजकुराचे संपूर्ण भाषांतर आधीच करून ठेवता येते. पायथनही मजकुराचे एक सांकेतिक टिपण, म्हणजे बाइटकोड, तयार करते. पण ते टिपण दुभाष्याला प्रत्येक फेरीत नव्याने वाचावे लागते. समोर आलेली वस्तू आकडा आहे की शब्द, हेही तो दरवेळी तपासतो. एकच ओळ दहा हजार वेळा आली, तर ही तपासणी दहा हजार वेळा होते. वेगवान यंत्रावर हा उशीर जाणवत नाही, जुन्यावर लपत नाही.

हा अनुभव आपल्या महाराष्ट्राने पूर्वीच घेतला आहे. रायगड जिल्ह्यातील खैराट या लहानशा गावाच्या प्राथमिक शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा प्रयोग सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, स्मृती २५६ एमबी. वीज कमी लागावी म्हणूनच तो इतका साधा ठेवला होता. त्यावरील ‘शुगर’ ही प्रणाली मुख्यतः पायथनमध्ये लिहिली होती, कारण मुलाला हवे तर प्रोग्राम उघडून तो कसा लिहिला आहे हे वाचता यावे, अशी कर्त्यांची इच्छा होती. ही इच्छा आम्हांस फार मोलाची वाटते. तिची किंमत अर्थातच गतीत मोजावी लागली. एखादा उपक्रम उघडताना मुलाला वाट पाहावी लागे. म्हणून पडद्यावर चित्र रेखाटण्यासारखे जड काम सी भाषेत आधीच भाषांतरित झालेल्या लायब्ररींकडे सोपवलेले होते. दुभाष्याने फक्त निरोप द्यायचा, ओझे दुसऱ्याने वाहायचे.

आमच्या कक्षातील गोष्ट याहून साधी आहे. नववीतील एका मुलीने पन्नास हजारांपर्यंतच्या मूळ संख्या शोधण्याचा प्रोग्राम लिहिला. यंत्र इतका वेळ गप्प बसले की ते बंद पडले असे सर्वांना वाटले. तिने प्रत्येक संख्येला तिच्याहून लहान अशा सर्व संख्यांनी भागून पाहिले होते. १०००७ ही मूळ संख्या घ्या: २ पासून १०००६ पर्यंत १०००५ भागाकार होतात. पण एखाद्या संख्येचे दोन अवयव पाडले, तर त्यांतील एक तरी तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो. १०००७ चे वर्गमूळ शंभराहून किंचित अधिक. म्हणजे १०० पर्यंत तपासले की पुरे, भागाकार ९९. दोननंतरच्या सम संख्या वगळल्या तर अवघे ५०. यंत्र तेच, दुभाष्या तोच. उत्तर मात्र पाहता पाहता आले. गणिताच्या सरांना त्या दिवशी कोण आनंद झाला!

बाकीचे उपाय थोडक्यात सांगतो. फेरीच्या आत न बदलणारा हिशेब फेरीबाहेर एकदाच करावा. बेरीज, क्रमवारी यांसाठी पायथनमध्ये तयार असलेली साधने वापरावीत. ती आतून सीमध्येच लिहिलेली असतात. मोठा प्रोग्राम वेगळ्या फाइलीत ठेवून मुख्य फाइलीतून बोलवावा, म्हणजे तिचे बाइटकोड टिपण साठवले जाते आणि पुढच्या वेळी सुरुवात लवकर होते. मात्र नंतरची धाव त्याने वाढत नाही. आणि काहीही बदलण्यापूर्वी घड्याळ लावून वेळ कोठे जातो ते मोजावे. आमच्या मुलांचा अंदाज निम्म्या वेळा चुकला, आमचा तर त्याहून अधिक!

चालता चालता भाषांतर करून ते जपून ठेवणारे दुभाषेही आहेत. पायपाय हा त्यांतील एक. पण जपून ठेवायला स्मृती लागते, आणि जुन्या यंत्रात नेमकी तिचीच वानवा असते. उलट, बोटभर पाटीवर चालणारे मायक्रोपायथन निवडक भाग थेट यंत्रभाषेत उतरवू देते. काम लवकर संपले की प्रोसेसर लवकर विसावतो, बॅटरी टिकते. भारनियमनाची सवय असलेल्या आपल्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तेव्हा पालकांना आमचे उत्तर असे की प्रोग्राम लिहिण्याची विद्या या यंत्रांवर पुरेशी शिकता येते, कदाचित अधिक बारकाईने. परंतु स्मृतीच अपुरी असेल, पडदाच लुकलुकत असेल, तेथे ही युक्ती चालत नाही. त्यामुळे नव्या यंत्रांची मागणी आम्ही मागे घेतलेली नाही. त्या मुलीने आधीचा आणि नंतरचा वेळ ज्या वहीत टिपला, ती वही संगणक कक्षात ठेवली आहे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेत आल्यावर ती जरूर पाहावी.