तथागतांची बोली

महापुरुषाचे वचन ज्या भाषेत आपल्यापर्यंत पोहोचले, त्याच भाषेत ते त्याच्या मुखातून निघाले असावे, अशी समजूत श्रद्धाळू मनात सहज रुजते. आणि गौतम बुद्धांच्या बाबतीत तर खुद्द धर्मपरंपरेनेच ती जोपासली आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात अट्ठकथा, म्हणजे बुद्धवचनावरील भाष्ये, रचणाऱ्या बुद्धघोषाचार्यांनी पाली म्हणजेच मागधी आणि मागधी म्हणजेच तथागतांची भाषा, असा निर्वाळा दिला. आधुनिक भाषापंडितांना तो स्वीकारता येत नाही, आणि त्याचा सबळ पुरावा दगडावर कोरलेला आहे.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपली शासने दूरदूरच्या शिलांवर कोरविली, तेव्हा राजधानीतून निघालेला एकच मजकूर निरनिराळ्या मुलखांत निरनिराळी रूपे घेऊन प्रकटला. पूर्वीचे राजे मृगयेच्या विहारयात्रांना निघत असत, असे सांगणाऱ्या आठव्या शासनात ओडिशातील धौलीच्या शिलेवर या राजांना 'लाजाने' म्हटले आहे, तर सौराष्ट्रात गिरनारवर तोच शब्द 'राजानो' असा आहे. रकाराच्या जागी लकार आणि शब्दान्ती एकार ही पूर्वेकडील बोलीची खूण. पालीने मात्र रकार राखला, ओकार पसंत केला, म्हणजे ती पश्चिमेच्या वळणाची ठरते.

बुद्ध तर पूर्वेचे. शाक्यांचे गणराज्य कोसलाधिपतीच्या सत्तेखालचे. श्रावस्ती, वैशाली, राजगृह असा त्यांचा पंचेचाळीस वर्षांचा संचार. आणि श्रोत्यांत राजा बिंबिसारापासून झाडूवाल्या सुनीतापर्यंत सर्व थरांतील माणसे. बुद्धांच्या मुखी कोसल-मगधाकडील कोणती तरी बोली, कदाचित स्थलपरत्वे थोडी बदलणारी, असली पाहिजे. तिचा एक अवशेष पाली ग्रंथांत पानोपानी भेटतो: भिक्षूंना हाक मारताना बुद्ध 'भिक्खवे' म्हणतात. पालीच्या स्वतःच्या रीतीने तेथे 'भिक्खवो' शोभले असते, आणि तसे ते काही ठिकाणी आढळतेही. परंतु शिष्यांच्या कानांत बसलेली ती पूर्वेकडची हाक पाठांतर करणाऱ्या पिढ्यांना बदलवली नाही, असे मानण्यास जागा आहे. या एका एकारात मला बुद्धांच्या मूळ स्वराचा भास होतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

मूळ बोली लोपली, ती शिष्यांच्या गाफीलपणाने नव्हे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात अशी कथा आहे की, यमेळ आणि तेकुल या नावांच्या, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्षुबंधूंनी तक्रार गुदरली की, नाना देशांतून व नाना कुळांतून आलेले भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन विटाळून टाकतात, सबब ते छंदोबद्ध वैदिक वाणीत बसविण्याची अनुज्ञा व्हावी. तथागतांनी ही मागणी फेटाळली, इतकेच नव्हे, तर तसे करणे हा दोष ठरविला आणि प्रत्येकाने आपल्या बोलीत वचन शिकावे अशी मुभा दिली. 'आपली बोली' म्हणजे बुद्धांची बोली, असा अर्थ बुद्धघोषांनी लावला खरा. परंतु तक्रारीचा सगळा रोख पाहता ती शिकणाऱ्या भिक्षूची बोली असावी, हाच अर्थ मला सयुक्तिक वाटतो. आपला उच्चार टिकावा यापेक्षा आपले म्हणणे ऐकणाऱ्याला कळावे, ही चिंता तथागतांना मोठी वाटली. म्हणूनच इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात त्रिपिटक प्रथम लिहिले गेले, तेव्हा त्याची भाषा मगधापासून बरीच दूर सरकलेली होती.

ऐकणाऱ्याला कळावे, ही ओढ अन्य परंपरांतही दिसते. महावीरांविषयी जैन परंपरा म्हणते की, त्यांची अर्धमागधी ऐकणाऱ्या प्रत्येकाला ती स्वभाषेतच उमगे.

आपल्याकडे गुजरातेतून आलेल्या चक्रधरस्वामींनी गोदातीरीच्या लोकांशी मराठीतच संवाद केला, आणि त्यांच्या पश्चात संस्कृतात ग्रंथरचना करू इच्छिणाऱ्या केशिराजांना नागदेवाचार्यांनी, तसे केल्यास स्वामींच्या पंथातील वृद्ध स्त्रिया वंचित होतील, असे सांगून थोपविले. म्हाइंभटांनी त्याच मराठीत, स्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्या व ऐकलेल्या माणसांना विचारून विचारून, तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सिद्ध केले.